थोरल्या खडपाची ओटी

“बायो, कळस खंय आसा?”

आबाने सुकाणूवरून विचारलं. नेहमीसारखं हळू, नुसतं मला ऐकू येईल एवढंच. मी होडीच्या मागच्या फळीवर त्याच्या पायांपाशी बसले होते. हात लांब करून, एक डोळा मिटून मी किनाऱ्याकडे बघितलं. टेंबावरचा एकटा ताड, आणि त्याच्या मागे दूर डोंगराच्या कुशीत रवळनाथाच्या देवळाचा कळस. दोघांच्या मधे माझी चार बोटं बसत होती. बरोबर चार.

“आठ बोटां उजव्या हाताक,” मी म्हटलं. “अजून फुडे घे.”

आबाने मान हलवली आणि सुकाणू होतं तसंच धरून ठेवलं. होडी पुढे चालत राहिली.

त्या वेळी मी बावीस वर्षांची होते. आता अठ्ठ्याहत्तर चालू आहे. मधल्या काळात मी पुष्कळ गोष्टी विसरले. शाळेतल्या मुलींची नावं विसरले, नवऱ्याचा आवाजसुद्धा कधी कधी आठवावा लागतो. पण ती चार बोटं मला अजून माझ्या हातावर दिसतात.

आमची वाडी समुद्राला लागूनच. समोर, दीडेक कोसावर पाखरबेट. बेट म्हणजे काय, काळ्या खडकाचा एक ढीग, वर गवत, आणि कपारींतून हजारो पाखरं. बेटाच्या अलीकडच्या अंगाला पाण्याखाली दोन खडपं होती. खडप म्हणजे समुद्राच्या तळाशी वर आलेला खडक. मासा तिथे घर करून राहतो. एक धाकटं खडप, एक थोरलं. पाण्यावरून बघाल तर दोन्हीकडे नुसतं निळं पाणी. कुठे थांबायचं ते किनाऱ्यावरच्या खुणांवरून ठरायचं. बेट डाव्या खांद्याशी ठेवून उत्तरेला जायचं, आणि कळस ताडापासून चार बोटांवर आला की खाली धाकटं खडप. तसंच पुढे गेलं आणि कळस ताडाच्या शेंड्याआड अगदी गडप झाला, की खाली थोरलं. या खुणा वाडीतल्या आम्हा चार कुबलांच्या घरांनाच माहीत. बापाने मुलग्याला सांगायच्या, मुलींना नाही. मुलगी उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, खुणा बरोबर घेऊन जाईल, असा हिशेब.

माझ्या आबाला मुलगा नव्हता. आई मी लहान असतानाच गेली होती. आबा चारही घरांचा तांडेल. म्हणजे होडी कुठे न्यायची, जाळं कुठे सोडायचं ते तो ठरवणार. वाडीतल्या बायका म्हणायच्या, भिवा तांडेलाला समुद्राच्या तळाशी पडलेली सुईसुद्धा दिसते.

आणि त्याला दोन वर्षांपासून धड दिसत नव्हतं.

हे फक्त मला माहीत होतं. डोळ्यांत दुधासारखी साय धरली होती. बेटाचा मोठा काळा आकार त्याला कळायचा, शिडाचा पांढरा कळायचा, पण लांबचा ताड आणि कळस गेले होते. हंगामात बरोबरची माणसं असली की तो त्यांची परीक्षा घेतल्यासारखं विचारायचा, “काय रे, आज कळस कसो दिसता?” पोरं फुशारकीने सांगायची, आणि तांडेल आपल्याला शिकवतो आहे म्हणून खूश व्हायची. घरी आल्यावर आबा मला ते सांगून हसायचा. पण हसणं लवकर संपायचं. “तांडेलाक दिसणा नाय असा कळला, तर सुकाणू काढून घेतीत,” असं तो एकदाच म्हणाला. नंतर त्याने मला खुणा शिकवल्या. दिवाळीनंतर एक दिवस कोंबडीला दाणे टाकत टाकत, पडवीत बसून, राखेत बोटाने ताड काढून दाखवला आणि म्हणाला, ह्या कोणाक सांगा नको.

दर मे महिन्यात मुंबईचे एक साहेब आमच्याकडे यायचे. विजयकर नाव. जहाजाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सरकारी बंगल्यात आठवडाभर उतरायचे आणि रिळाच्या काठीने मासे धरायला आबाची होडी ठरवायचे. तोवर वाडीतल्या बाकीच्या होड्या वर ओढलेल्या असायच्या, त्यांच्यावर पावसाळ्यासाठी माडाच्या झावळ्यांची झापं चढायला लागलेली असायची. आमची एकच होडी साहेबांसाठी पाण्यात. त्या वर्षी साहेबांच्या बाईही आल्या. बाईमाणसाला सोबत हवी, म्हणून आबाने मला होडीत घेतलं. वाडीला तसंच सांगितलं, आणि वाडीला ते पटलं. त्याला माझे डोळे हवे होते. बाईंचं आणि त्याचं, दोघांचंही काम झालं.

वल्ह्यांवर पास्कू होता. गोव्याकडचा, लग्न न झालेला, तोंडाने फटकळ माणूस. दोन महिन्यांपूर्वीच आबाकडे कामाला लागला होता. खुणा त्याला ठाऊक नव्हत्या आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. वारा पडला की तो वल्ही मारायचा, वारा सुटला की डोक्यावर टॉवेल घेऊन झोपायचा.

पहिले दोन दिवस साहेबांच्या काठीला काही म्हणजे काही लागलं नाही. दोन शेंगट्या आणि एक केंड. केंड वर आला तो फुगून चेंडूएवढा झाला आणि साहेबांकडे बघत बसला. पास्कू म्हणाला, “सायबानू, ह्यो तुमचीच टोपी बघून फुगलो.” बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी केंड सोडवून फेकला आणि परतेपर्यंत आमच्याकडे पाठ करून बसले.

बाई मला फार आवडल्या होत्या. पांढरी सुती साडी, हातात एकच बांगडी, आणि माझ्याशी बरोबरीच्या बाईशी बोलावं तसं बोलायच्या. मी अध्यापिकेचं शिक्षण पुरं केलं आहे, दोन वर्षं अर्ज करते आहे, कुठूनच बोलावणं येत नाही, हे सगळं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुळणीवरून चालता चालता त्या म्हणाल्या, “द्वारका, गिरगावात आमची एक मुलींची शाळा आहे. हे तिच्या कमिटीवर आहेत. जूनमध्ये एक जागा भरायची आहे.”

मी पावलं थांबवली.

“पण आत्ता त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही,” त्या हसून म्हणाल्या. “बघतेस ना तोंड कसं झालंय ते. वर्षभर या आठ दिवसांची वाट बघतात. एक मोठा मासा हाताला लागू दे, मग बघ. मग मी काय मागेन ते देतील.”

त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे. त्यांना खडप माहीत नव्हतं, त्याचा नेम माहीत नव्हता. त्या आपल्या नवऱ्याविषयी जरा थट्टेने बोलत होत्या एवढंच.

नेम असा होता. वैशाखी पुनवेनंतर थोरल्या खडपावर कोणी गरी टाकायची नाही, जाळं सोडायचं नाही, ते थेट नारळी पुनवेपर्यंत. त्या दिवसांत मोठ्या तांबोशी पोटात अंड्यांची गाभोळी घेऊन तिथे गोळा होतात. आमच्या घरातली सर्वांत थोरली सवाष्ण पुनवेच्या सकाळी होडीतून तिथे जाते आणि खडपाची ओटी भरते: नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू, सगळं पाण्यात. वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी आमच्या घरची बाई होडीत बसायची. त्या वर्षी गोदीकाकीने ओटी भरली होती, आणि ताट धरायला मी गेले होते. काकी पाण्याकडे बघून, लेकीशी बोलावं तसं बोलली होती. परत येताना मी विचारलं होतं, मासे आपण एरवी खातोच, मग आताच का नाही? काकी म्हणाली होती, “बाळंतपणाक माहेराक इल्यो त्यो. माहेरात कोण कापता गो?”

याला आठ दिवसही झाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघतानाच आबाने सांगितलं की आज धाकट्या खडपावर जाऊ, तिथे काहीतरी मिळेल. साहेब म्हणाले, तांडेल, काल पण तुम्ही हेच म्हणालात. आबाने शीड चढवलं. मी बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघून खांदे उडवले.

तेव्हा मी ठरवलं की काय, मला सांगता येत नाही. मला वाटतं, कळस चार बोटांवर येईपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं. आणि मग आठ म्हटलं.

“आता?” आबाने थोड्या वेळाने विचारलं.

दोन बोटं राहिली होती. “सहा,” मी म्हटलं.

बाई पाण्यात हात घालून बसल्या होत्या. साहेब काठीला नवा दोरा ओवत होते. पास्कू टॉवेलाखाली घोरत होता. वारा मऊ होता आणि समुद्र तेलासारखा दिसत होता. कळस ताडाकडे सरकत सरकत गेला, शेंड्याला चिकटला, आणि एका क्षणी दिसेनासा झाला.

“चार बोटां, आबा. हयच.”

आबाने पास्कूला पायाने ढोसलं. शीड खाली आलं. नांगर आबा नेहमी स्वतःच टाकायचा. त्याने नांगर पाण्यात सोडला आणि दोर तळहातावरून जाऊ दिला. त्याचे ओठ हलत होते. मी त्या ओठांकडे बघत राहिले. दोराचं मला सुचलंच नव्हतं. आबा वाव मोजत होता. दोन्ही हात पसरले की एक वाव. धाकट्या खडपावर दोर बारा वाव जातो, थोरल्यावर पंधरा. हे मोजायला डोळे लागत नाहीत.

दोर बारावर थांबला नाही. पंधरावर थांबला.

आबा दोर हातात धरून तसाच उभा राहिला. मग वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, “बायो, परत बघ. कळस खंय आसा?”

अजून वेळ होता. नांगर वर ओढायला किती वेळ लागतो? चुकलं म्हटलं असतं, तर त्याने पास्कूला हाक मारली असती आणि होडी मागे घेतली असती. कोणाला काही कळलंही नसतं.

मी हात लांब केला. बघितल्यासारखं केलं.

“चार बोटां,” मी म्हटलं.

आबा माझ्याकडे तोंड करून क्षणभर उभा राहिला. मग त्याने दोर बांधला. त्याच्या हाताने पंधरा सांगितलं होतं आणि मी चार बोटं सांगितली होती. त्याने माझं ऐकलं.

साहेबांनी काठी टाकली, त्यानंतर फार वेळ गेला नाही. काठी एकदम धनुष्यासारखी वाकली आणि रीळ किंचाळायला लागलं. साहेब उठून उभे राहिले, टोपी पाण्यात गेली, तरी त्यांनी बघितलं नाही. बाई हात जोडून लहान मुलीसारख्या बसल्या. पास्कूची झोप उडाली. “सोड, सायबा, सोड, आता ओढ,” असं तो साहेबांना एकेरीत सांगायला लागला आणि साहेबही निमूट ऐकायला लागले. बराच वेळ असं चाललं. मग पाण्याखाली तांबडं काहीतरी फिरताना दिसलं, आणि पास्कूने आकडा लावून तांबोशी होडीत घेतली. सात-आठ वर्षांच्या पोराएवढी लांब. उगवतीच्या आभाळासारखा रंग. ती फळीवर शेपूट आपटत होती आणि पोट तिचं टचटचीत होतं.

आबा खाली बसला. त्याने तिच्या डोक्यावर एक हात ठेवला आणि दुसरा हात पोटावरून फिरवला. सावकाश, परत एकदा. डॉक्टरीणबाई बघतात तसं. मग तो हात तिथेच राहिला.

त्याने मान वर केली. ते पांढरट डोळे माझ्याकडे वळले. मला नक्की माहीत आहे, त्याला मी दिसत नव्हते. माझ्या जागी त्याला एक फिकट डाग दिसत असेल. तरी मी मान खाली घातली.

त्याने या वेळी विचारलं नाही.

“सायेब,” तो म्हणाला, “बस झालं आज. वारा फिरणार आहे.”

साहेबांना ते ऐकूच आलं नसावं. त्यांनी तोवर दुसरी गरी टाकली होती. आबा परत म्हणाला. साहेब म्हणाले, तांडेल, तीन दिवस मी थांबलो, आता तुम्ही थांबा. बाई म्हणाल्या, “भिवाजी, थोडाच वेळ.” त्यांच्या डोळ्यांत आनंद होता, आणि त्या आनंदाने त्यांनी माझा हात धरून दाबला. मला त्याचा अर्थ कळला. मला बरंही वाटलं. होय, त्या क्षणी, आबा तिथे मासळीच्या पोटावर हात ठेवून बसलेला असताना, मला बरं वाटलं.

दुसरी आली. तिसरी आली. तिसरी पहिलीहून मोठी. तेव्हा आबा उठला, नांगराचा दोर कोणाला न विचारता ओढायला लागला, आणि त्याच्या तोंडाकडे बघून साहेबांनीही काठी आवरली.

पुळणीवर होडी लागली तेव्हा बाईंनी फोटो काढला. तिन्ही तांबोशी वाळूवर मांडल्या, मधे साहेब, बाजूला आबा. मला त्यांनी कडेला उभं केलं. तोपर्यंत होड्यांवर झापं बांधणारी माणसं काम टाकून जवळ आली. विसरामतात्या आला. हा आबाचा चुलतभाऊ, वयाने मोठा, चार घरांत ज्याचा शब्द शेवटचा. गोदीकाकी त्याचीच बायको. तीही कमरेवर हात ठेवून येऊन उभी राहिली.

सगळे तांबोशींच्या फुगलेल्या पोटांकडे बघत उभे राहिले. साहेबांना वाटलं, सगळे थक्क झाले आहेत. त्यांनी मोठ्या मनाने मधली तांबोशी उचलून आबाच्या पायाशी ठेवली, ही तुमच्या घरी, म्हणाले, आणि दोन बंगल्यावरच्या माणसाच्या डोक्यावर देऊन निघाले. बाई जाताना माझ्या कानात म्हणाल्या, “मी आज रात्रीच बोलते.”

ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर विसरामतात्या खाली बसला. त्याने बोटाने तांबोशीचं पोट दाबलं. गाभोळीचा एक पिवळा ओघळ बाहेर आला.

“भिवा,” तो म्हणाला, “ही खंयची?”

माझ्या पायांखाली वाळू गरम होती. मी चपला घातल्या नव्हत्या. तळपाय भाजत होते आणि मी हलत नव्हते, एवढंच मला आठवतं.

“थोरल्यावरची,” आबा म्हणाला.

काकीने तोंडाला पदर लावला. तात्या उठला. तो कधी ओरडून बोलत नसे. तेव्हाही बोलला नाही. त्याने एवढंच विचारलं की सायबाच्या नोटांसाठी गेलास काय.

“नाय,” आबा म्हणाला. “माका दिसणा नाय, विसराम. दोन वर्सां झाली. कळसय दिसणा नाय, ताडय दिसणा नाय. अंदाजान होडी चलवतंय. आज अंदाज चुकलो.”

सगळ्यांनी एकदम त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. इतकी वर्षं रोज बघत होते, पण तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. कोणीतरी मागे हळूच म्हणालं, म्हणून तो आम्हाला विचारायचा.

मग तात्याची नजर माझ्याकडे आली. “आणि ह्या चेडू वांगडा होता ना? हेका दिसला नाय?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आबा माझ्या आधी बोलला, आणि जरा हसून बोलला.

“चेडवाक कोण खुणो शिकयता रे? तिका कळस काय आणि ताड काय.”

हे सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. कुबलांच्या घरात मुलीला खुणा कोण सांगेल? काकी पुढे आली आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. बिचारी पोर, म्हणाली, बापाचं असं झालेलं लपवून घर चालवत होती. मी रडायला लागले. सगळ्यांना वाटलं, बापाच्या डोळ्यांसाठी रडते आहे.

ती तांबोशी वाडीत कोणी कापली नाही. काकीने तिला परातीत घेतली, हळदकुंकू लावलं, वर एक नवा खण घातला आणि भरती चढली तेव्हा पाण्यात सोडून आली. परात एका बाजूने मी धरली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत आडवं टांगलेलं सुकाणू आबाने स्वतः खाली काढलं, पाण्याने धुतलं, फडक्याने पुसलं आणि खांद्यावर घेऊन तात्याच्या घरी नेऊन दिलं. तात्याने नेऊ नको म्हटलं होतं, पावसाळ्यानंतर बघू म्हणाला होता. आबा थांबला नाही. वाट त्याला पायांनी पाठ होती. मी बरोबर जायला निघाले, तर त्याने हाताने मला मागेच थांबवलं. रिकाम्या खांद्याने परत आला आणि ज्या खुंट्यांवर सुकाणू असायचं त्यांच्यावर त्याने आपला सदरा टांगला.

घरात आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. मी वाट बघत होते. जेवायला वाढताना, निजताना, मला वाटायचं आता विचारील. तो पावसाचं बोलायचा, कोंबड्यांचं बोलायचा. तो रागावला असता तर मी पायांवर पडले असते. त्याने मला ती संधीही दिली नाही असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. पण ते खरं नाही. सांगायला त्याने विचारायची गरज नव्हती.

पंधरा दिवसांनी गिरगावातून पत्र आलं. पास्कूने ते टपालातून आणलं आणि वाचून दाखव म्हणून दारातच बसला. मी आबाला वाचून दाखवलं: सहशिक्षिका, कायम जागा, चौदा जूनला हजर व्हावे. आबा म्हणाला, “बरा झाला.” जरा थांबून म्हणाला, “जा तू.”

मी गेले. एकतीस वर्षं त्या शाळेत शिकवलं. आज जे निवृत्तिवेतन खाते ते तिथलंच. विजयकरबाईंच्या दिवाणखान्यात तो फोटो बरीच वर्षं होता, तीन तांबोशी आणि मधे साहेब. त्यांच्याकडे गेले की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. त्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. आबा एकटा खाली बघतो आहे.

पहिल्या वर्षाच्या पगारातून साठवून मी आबाला मिरजेला नेलं. डोळ्यांची शस्त्रक्रिया चांगली झाली. पट्टी सोडली तेव्हा मी समोर उभी होते. डॉक्टरांनी जाड भिंगांचा चष्मा त्याच्या नाकावर बसवला आणि विचारलं, समोर कोण आहे? आबाने मला डोक्यापासून पायांपर्यंत बघितलं. किती वर्षांनी बघत होता. “माझा चेडू,” म्हणाला. मी तेव्हाही खालीच बघितलं.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी सुट्टीवर गेले होते. वैशाखी पुनवेला गोदीकाकीने मला ताट धरायला बोलावलं. तिचे गुडघे गेले होते, होडीत चढायला दोन माणसं लागायची, पण ओटी ती दुसऱ्या कोणाला भरू देत नव्हती. होडी विसरामतात्याच्या मुलाने घेतली होती, सुकाणूवर तात्या. आबाला त्यांनी आग्रहाने बरोबर घेतलं. सुकाणू दिल्यानंतर तो पहिल्यांदाच होडीत बसत होता. मधल्या फळीवर, पाहुण्यासारखा, चष्मा दोरीने मानेला बांधून.

बेट डाव्या खांद्याशी आलं. पाखरं ओरडत होती. मी ताट मांडीवर घेऊन तांदळांकडे बघत बसले होते. तात्याने होडी थांबवली, मुलाने नांगर टाकला. आबाने सवयीने हात पुढे केला आणि दोर आपल्या तळहातावरून जाऊ दिला. त्याचे ओठ हलले. दोर थांबला. त्याने मोजलेलं कोणाला सांगितलं नाही.

मग तो माझ्याकडे वळला. भिंगांमागे त्याचे डोळे मोठे, स्वच्छ दिसत होते. समोर टेंब, टेंबावर ताड, सगळं उन्हात लख्ख होतं. आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं,

“बायो, कळस खंय आसा?”

मी हात लांब केला नाही. त्याची गरज नव्हती.

“ताडाआड, आबा,” मी म्हटलं. “दिसणा नाय.”

आबा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बरोबर.”

गोदीकाकीला हे फार विनोदी वाटलं. “रे भिवा,” ती म्हणाली, “चेडवाक इचारूचा तर डोळ्यांर ह्या भिंग कित्याक चडयलंस?” तात्या हसला, त्याचा मुलगा हसला. मुलीला खुणा कशा ठाऊक, हे त्या हसण्यात कोणाच्या लक्षातही आलं नाही. आबाही थोडा हसला आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला लागला.

काकीने नारळ पाण्यात सोडला. मग तांदूळ. खण पाण्यावर उलगडत उलगडत लांब गेला. अजून सगळे हसत होते. मीही हसले.